जुनी ट्रंपेट व त्यांच्या मुखनळ्या : महाराष्ट्रातील बँडवादनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रमाण

वाद्यांच्या इतिहासाचा विचार करताना वाद्याचे नाव, त्याचा आकार व कारागिराचा ठसा यांकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. पितळी सुषिर वाद्यांच्या बाबतीत मात्र एवढ्याने काम भागत नाही. ट्रंपेट, कॉर्नेट वा बिगुल यांचे शरीर एक आणि मुख दुसरे असते. ओठ टेकविण्याचा जो लहानसा पेला, ज्यास वादक ‘माउथपीस’ म्हणतात व ज्यास येथे मुखनळी म्हटले आहे, तो वाद्यापासून सुटा होतो. तो हरवतो, विकला जातो, दुसऱ्याच वाद्याला जोडला जातो. वाद्य शंभर वर्षे टिकले तरी त्याची मूळ मुखनळी त्याच्यासोबत राहतेच असे नाही. म्हणून जुने ट्रंपेट आज फुंकून पाहिले असता जो स्वर उमटतो, तो त्या वाद्याचा की मागाहून बसविलेल्या मुखनळीचा, हा प्रश्न इतिहासकाराला टाळता येत नाही. गावोगावचे बँडवाले ‘बेसूर’ वाजवितात, हे सुशिक्षितांत रूढ झालेले मतही या प्रश्नाशी निगडित आहे. त्या मताची फेरतपासणी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

ओठांच्या कंपनाने वाजणारी वाद्ये महाराष्ट्राला नवी नव्हती. शिंग, तुतारी व कर्णा ही युद्धाची, देवळाची आणि मिरवणुकीची वाद्ये फार पूर्वीपासून प्रचारात होती. त्यांत ओठांची जागा वाद्याच्या अरुंद टोकाशीच घडविलेली असे. मुख आणि शरीर यांची जोडी कारागिराच्याच हातून ठरत असे. शिवाय या वाद्यांतून निसर्गसिद्ध स्वरमालेतील मोजकेच स्वर काढावयाचे असल्यामुळे सूक्ष्म मेळाचा प्रश्न उद्भवत नव्हता. तो प्रश्न निर्माण केला तो पडदे असलेल्या युरोपीय ट्रंपेटने. श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल यांनी 1818 मध्ये पडद्याच्या रचनेचे स्वामित्व मिळविले. पॅरिसमध्ये पेरिने याने 1839 च्या सुमारास आजच्या ट्रंपेटमधील दट्ट्यांच्या रचनेला आकार दिला. त्यानंतर ट्रंपेट व कॉर्नेट ही संपूर्ण स्वरसप्तक वाजविणारी वाद्ये बनली आणि लष्करी बँडच्या द्वारे ती वसाहतींत पसरली.

मराठवाड्यात या वाद्यांचा प्रवेश छावण्यांच्या वाटेने झाला. हैदराबाद कंटिंजंटची पथके औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) इत्यादी ठिकाणी तैनात असत. 1903 मध्ये ती हिंदी लष्करात विलीन झाली. घोडदळाचे इशारे ट्रंपेटवर व पायदळाचे बिगुलावर वाजत. छावणीतील हा नाद हळूहळू लग्नाच्या वरातीत आला. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावी वरातीपुढे वाजणाऱ्या बँडचे कूळ शोधू गेल्यास एका बाजूस सनई-हलगीची जुनी परंपरा व दुसऱ्या बाजूस छावणीचा बँड अशा दोन धारा दिसतात. हलगी व सनई वाजविणाऱ्या मातंगादी समाजांतील अनेक कुटुंबांनी पितळी वाद्ये हाती घेतली, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवावयास हवी.

दुसरा मार्ग गोव्याचा. तेथील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत व पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. अल्दोना येथील आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (1916–1967) हे त्यांतील प्रसिद्ध ट्रंपेटवादक होत. पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांना त्यांनी ‘अलबेला’ (1951) या चित्रपटाच्या संगीतात साहाय्य केले. या दोन वर्गांतील एक भेद निर्णायक आहे. व्यावसायिक वाद्यवृंदातील वादक आपले वाद्य व आपली मुखनळी स्वतः निवडून जपत असे. गावच्या बँड पार्टीत मात्र वाद्ये बहुधा मालकाची असत. ती जुन्या बाजारातून, मोडलेल्या पथकांकडून किंवा मेरठच्या कारखान्यांतून जशी मिळतील तशी घेतली जात, आणि मुखनळी हाताला येईल ती लावली जाई.

ही गोष्ट किरकोळ नाही. मुखनळीचे चार भाग महत्त्वाचे असतात : ओठ टेकणारी कड, पेला, त्याच्या तळाचे छिद्र आणि वाद्यात शिरणारा निमुळता दांडा. न्यूयॉर्कमध्ये 1918 पासून मुखनळ्या बनविणाऱ्या व्हिन्सेंट बाख यांनी या मापांना क्रमांक व अक्षरे देऊन व्यवस्था लावली. त्यांच्या पद्धतीत क्रमांक जितका लहान तितका पेल्याचा व्यास मोठा. अक्षर ‘ए’ म्हणजे खोल पेला व ‘ई’ म्हणजे उथळ. आधुनिक ट्रंपेटच्या पेल्याचा व्यास साधारणपणे 16 ते 17 मिलिमीटर, तर छिद्र सुमारे 3.66 मिलिमीटर असते. पेल्याची पोकळी ही वाद्यातील हवेच्या स्तंभाचाच भाग होय. पेला गरजेहून खोल असेल तर तारसप्तकातील स्वर खालच्या स्वरांच्या मानाने अधिक उतरतात. उथळ असेल तर चढतात. दांड्याचे टोक व वाद्याची नळी यांमध्ये जे थोडे अंतर उरते, त्यावरही स्वराची स्थिरता अवलंबून असते. कॉर्नेटचा दांडा ट्रंपेटच्या दांड्याहून बारीक असल्यामुळे तो ट्रंपेटमध्ये सैल बसतो. मग त्यास कागद वा दोरा गुंडाळून घट्ट करण्याचा उपाय योजला जातो. परंतु त्यामुळे नेमके हेच अंतर बिघडते.

याहून मोठी अडचण स्वरमानाची. ब्रिटिश लष्करी बँडांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य ‘ए’ स्वराची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 452 होती. फ्रान्सने 1859 मध्ये 435 हे प्रमाण ठरविले, तर 1939 च्या लंडन परिषदेत 440 हे प्रमाण मान्य झाले. इंग्लंडमधील ब्रास बँडांत मात्र उंच स्वरमान 1960 च्या दशकापर्यंत टिकून राहिले. म्हणजे उंच व नीच अशी दोन्ही प्रकारची वाद्ये जुन्या बाजारात एकत्र आली. 452 व 440 यांतील फरक जवळजवळ पाव स्वराचा, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराचा आहे. बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी सुमारे 148 सेंटिमीटर लांब असते. तिला नीच स्वरमानावर आणावयाचे तर ती सुमारे 4 सेंटिमीटर वाढवावी लागते. सरकती नळी बाहेर ओढून हे साधते खरे, पण पडद्यांच्या उपनळ्या जुन्याच मापाच्या राहतात. तिन्ही पडदे एकदम दाबले असता मुळातच चढणारा स्वर त्यामुळे आणखी चढतो. अशा वेळी कोणी खोल पेल्याची मुखनळी लावून स्वर उतरवू पाहिले, तर तारस्वर उतरतात, खालचे स्वर मात्र फारसे हलत नाहीत. एक दोष झाकताना दुसरा उघडा पडतो.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो व स्वर अर्धस्वराच्या सुमारे तीन शतांशांनी चढतो. वादकाच्या श्वासाने नळी आधीच तापलेली असल्यामुळे हा परिणाम काहीसा कमी होतो. तथापि वैशाखातील वरातीत प्रत्येक वाद्य सारख्याच प्रमाणात चढेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

या सर्व गोष्टी एकत्र घेतल्या म्हणजे ‘बेसूर’ या शब्दाचा अर्थ बदलतो. वेगवेगळ्या स्वरमानांची, परक्या मुखनळ्या बसविलेली वाद्ये एका पथकात एकत्र आली, तर निष्णात वादकालाही ती पूर्णपणे मेळात आणता येणार नाहीत. ओठांच्या बळावर तो प्रत्येक स्वर ओढून-ताणून जागेवर आणील. आणि हे श्रम करीत तो रस्त्याने चालत तासन्‌तास वाजवीत असतो. श्रोत्यांनी मात्र या दोषाचे मूळ वाद्यात न शोधता वादकाच्या शिक्षणात, क्वचित त्याच्या जातीत शोधले. कानाला जे खटकले ते खोटे नव्हते. त्याचे कारण चुकीच्या ठिकाणी शोधले गेले.

यातून संशोधनाच्या पद्धतीसंबंधीही एक गोष्ट निष्पन्न होते. संग्रहालयात वा बँड मालकाच्या घरी जुने ट्रंपेट आढळल्यास त्यावरील ठसा टिपून थांबणे पुरेसे नाही. सोबत मिळालेली मुखनळी मूळची आहे काय, हे दांड्याच्या झिजेवरून व बसण्यावरून पाहिले पाहिजे. कडेचा व्यास, पेल्याची खोली, छिद्राचे माप आणि दांडा किती आत जातो, हे मोजून नोंदविले पाहिजे. वाद्याचे स्वरमान नळीच्या लांबीवरून स्वतंत्रपणे काढले पाहिजे. जोडी जुळली नसेल तर त्या वाद्याच्या आवाजावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. दांड्याभोवती गुंडाळलेला जुना दोरासुद्धा काढून टाकण्याजोगा कचरा नव्हे. हाती आलेल्या विसंगत साधनांतून सूर काढू पाहणाऱ्या वादकाच्या प्रयत्नाचे ते प्रमाण आहे, आणि प्रमाण म्हणूनच त्याची नोंद झाली पाहिजे.