दिवाळी, बॉनफायर नाइट आणि घरातले मांजर

ब्रिटनमधल्या मांजराच्या वाट्याला नुसती दिवाळी येत नाही. ५ नोव्हेंबरची बॉनफायर नाइट कधी दिवाळीच्या आधी, तर कधी नंतर येते. २०२१ साली लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते आणि दुसऱ्याच दिवशी बॉनफायर नाइट. शिवाय सोयीसाठी लोक मागचा-पुढचा शनिवार-रविवारही धरतात, त्यामुळे फटाके दोन-तीन आठवडे सुरूच राहतात. इंग्लंडमध्ये एरवी रात्री ११ ते सकाळी ७ फटाके उडवायला बंदी आहे, पण बॉनफायर नाइटला १२ पर्यंत आणि दिवाळीच्या रात्री १ पर्यंत सूट असते. माणसापेक्षा कितीतरी बारीक आणि उंच पट्टीचे आवाज ऐकणाऱ्या प्राण्याला ही रात्र फार मोठी वाटते.

फटाक्यांची काळजी सगळेच घेतात. आमच्या मते त्याहून जास्त लक्ष घराच्या पुढच्या दाराकडे द्यायला हवे. फराळाला पंधरा-वीस माणसे येणार, दारात चपला-बुटांचा ढीग, कोणी मुलाला आत घेतेय, कोणी गाडीतून डबा आणायला परत जातेय. अशा वेळी घाबरलेले मांजर पायांमधून कधी निसटले ते कुणाला कळतही नाही. म्हणून पाहुणे येण्याआधी, निदान तासभर तरी, मांजराला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत ठेवावे. पडदे ओढून घ्यावेत. पाणी, खाणे, तिचे नेहमीचे अंथरूण आणि आडवा ठेवलेला एखादा पुठ्ठ्याचा खोका आत असावा. मातीचा ट्रे खाण्यापासून लांब ठेवावा. बाहेर जाणाऱ्या मांजरांनाही या दिवसांत घरात ट्रे लागतोच, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास अंधार पडतो आणि त्याआधीच कॅटफ्लॅप बंद करायला हवा. खोलीच्या दारावर मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी लावा. पाहुण्यांची मुले मनी बघायला वर जाणारच!

मांजर पलंगाखाली जाऊन बसले तर बसू द्यावे. ओढून बाहेर काढून मांडीवर घेतले की आपल्याला बरे वाटते, तिला नाही. लपायला जागा असणे हाच तिचा धीर.

आता फुलांबद्दल, आणि हे जरा सविस्तर, कारण पुष्कळांना माहीत नसते. पाहुणे सुपरमार्केटमधून जो गुच्छ आणतात त्यात अनेकदा लिली असते. खरी लिली आणि डे-लिली मांजरांसाठी अत्यंत विषारी आहेत. पान, पाकळी, देठ, परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा. मांजर फूल खातच नाही, असे म्हणून चालत नाही. अंगाला लागलेले पराग तिने चाटले तरी पुरते. सुरुवातीला उलट्या, सुस्ती, खाणे बंद. आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. पहिल्या काही तासांत सलाइन सुरू झाले तर वाचण्याची आशा चांगली असते, लघवी बंद झाल्यावर फारच थोडी. म्हणून लक्षणांची वाट न पाहता लगेच व्हेटकडे न्यावे. रात्रीची वेळ असेल तर तातडीची सेवा देणारा दवाखाना गाठावा. ‘अ‍ॅनिमल पॉयझनलाइन’ ही सशुल्क दूरध्वनी सेवाही चोवीस तास असते. तिचा आणि दवाखान्याचा नंबर आधीच फ्रिजवर लावून ठेवा. लिली आणणाऱ्या पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून फुले घरात ठेवू नयेत. आभार मानून ती सरळ शेजाऱ्यांकडे द्यावीत, अर्थात त्यांच्याकडे मांजर नसेल तर.

स्वयंपाकघरात मुख्य शत्रू कांदा आणि लसूण. शिजवलेले असोत की पूड, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी नष्ट होतात. मांजराला गोड चव कळत नाही, त्यामुळे लाडवाकडे ती साखरेसाठी येत नाही, तुपासाठी येते. पण लाडवात बेदाणे असतील तर ताट झाकलेले बरे. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या गोळ्या उशाशी उघड्या राहतात, त्याही बघा. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. दिवाळीच्या साफसफाईला पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशके वापरू नयेत, कारण ओली फरशी पंजांना लागते आणि पंजे ती चाटते. रांगोळीच्या रंगांचे तेच. कापूर, धूप, निलगिरीचे तेल तिच्या खोलीपासून लांब ठेवावे. पणत्या अशा ठिकाणी हव्यात जिथे शेपूट पोहोचणार नाही, आणि मांजराची शेपूट कुठेही पोहोचते.

आकाशकंदिलाच्या शेपट्या, गजऱ्याचा दोरा, पुढे नाताळात झाडावरच्या चकाकत्या झिरमिळ्या हे सगळे मांजराला खेळणे वाटते. गिळलेला दोरा आतड्याला चुण्या पाडतो आणि शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसले तर ओढू नका, तसेच व्हेटकडे न्या.

सण झाल्यावरही दोन-तीन दिवस लक्ष असू द्यावे. भीती आणि ताण यांचा परिणाम मांजराच्या मूत्राशयावर होतो. विशेषतः बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर बद्धकोष्ठ समजून थांबू नये. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. ज्यांचे मांजर दरवर्षी फारच घाबरते त्यांनी आधीच व्हेटला भेटावे, भीती कमी करणारी औषधे मिळतात. मनाने माणसाचे काही देऊ नये.

इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून २० आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप सक्तीची आहे. नोटीस मिळाल्यावर २१ दिवसांत बसवली नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडे भाड्याची घरे आणि फोन नंबर सारखे बदलतात आणि चिपच्या नोंदीत जुनाच नंबर राहतो, तेव्हा दिवाळीआधी तो तपासून घ्यावा. तरीही मांजर निसटलेच, तर आधी जवळपास शोधा. घाबरलेले मांजर बहुधा लांब जात नाही, शेजारच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, मोटारीखाली दडून बसते आणि हाकेला ओ देत नाही. मध्यरात्रीनंतर रस्ता शांत झाला की टॉर्च घेऊन एकट्याने फिरावे, डोळे चमकतात. शेजाऱ्यांना शेडची दारे उघडून बघायला सांगावे, आणि चिपच्या नोंदणी कंपनीकडे मांजर हरवल्याचे त्याच रात्री कळवावे.