पाटपाणी, ऊस आणि गावाची घडण : श्रीरामपूरच्या बहुजिनसी समाजाचा विचार

प्रास्ताविक :
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर हे जुन्या पेठेतून वाढलेले गाव नव्हे. तेथील रेल्वे स्थानक आजही शेजारच्या बेलापूर गावाच्या नावाने ओळखले जाते. रेल्वे, कालवा आणि साखर या तीन घटकांनी येथे जी वस्ती उभी केली, तिच्या सामाजिक घडणीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी आणि स्थलांतर :
दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तरी परिसर ज्वारी-बाजरीचा व अवर्षणाचाच राहिला. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरा कालव्यांच्या सिंचनाला भक्कम आधार मिळाला. उसाला पाणी, भांडवल आणि कसब तिन्ही लागतात. स्थानिक कोरडवाहू शेतकऱ्याजवळ यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. नीरा कालव्यावर बागायतीत तरबेज झालेल्या सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी येथे जमिनी खंडाने घेतल्या. हरिगाव व टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने उभे राहिले. मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांनी आडत व सावकारी सांभाळली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे किरकोळ व्यापारात स्थिरावली. मिशनच्या कार्यातून ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांचाही या समाजात मोठा वाटा आहे. हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला अन्यधर्मीय भाविकही येतात.

सहजीवनाची दुसरी बाजू :
तथापि ही विविधता समतेची नव्हती. खंडाने जमीन दिलेला मूळ मालक अनेकदा त्याच शेतावर मजूर झाला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. म्हणजे धनी बदलला, खंडकरी मात्र वंचितच राहिला. दीर्घ लढ्यानंतर २०१२ च्या सुमारास जमीनवाटप सुरू झाले, तोवर दावेदारांची पिढी पालटली होती. महामंडळाच्या मळ्यांवर राबलेल्या भूमिहीन कामगाराचा तर सातबाऱ्यावर कधीच उल्लेख नव्हता. हंगामात बीडकडून येणारा ऊसतोडणी कामगारही असाच नोंदीबाहेरचा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ ठरतात. स्त्रीचे श्रम त्यात स्वतंत्रपणे मोजलेच जात नाहीत.

प्रवरानगर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी कारखान्याने ऊस उत्पादकाला मालकी दिली, हे निर्विवाद. परंतु सभासदत्वाची कसोटी जमीन हीच असल्याने भूमिहीन त्या वर्तुळाबाहेर राहिला.

समारोप :
श्रीरामपूरसारख्या गावांचा इतिहास सामान्यतः धरण, कारखाना आणि पुढारी यांच्या अंगाने लिहिला जातो. खंडपत्रे, मजुरीची हजेरीपुस्तके, चर्चमधील नोंदवह्या आणि वृद्धांच्या मौखिक आठवणी एकत्र वाचल्यास वेगळे चित्र दिसू शकेल. अनेक जाती-धर्म एका पाटाच्या पाण्यावर जगले, हे खरे. पण त्या पाण्याची पाळी कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.