मयेचे तळे आणि तळ्याकाठची वस्ती

आपल्या पेडणे महालातील मोरजीची मोरजाई एकटी नव्हे. शिरगावची लइराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया व म्हापशाची मिराबाई या तिच्या बहिणी आणि खेतोबा हा बंधू, अशी पूर्वापार लोकश्रद्धा आहे. या भावंडांचा आरंभीचा मुक्काम डिचोली महालातील मये गावी झाला, असे लोककथा सांगते.

मुक्कामास स्थळही साजेसेच होते. सभोवार डोंगर, मध्ये विस्तीर्ण तळे आणि पाण्याच्या आधाराने फुललेली कुळागरे. आपल्या मुलखात पाऊस उदंड. परंतु जांभ्या दगडाच्या सड्यावर पाणी ठरत नाही. जेथे ते उन्हाळ्यातही लाभते, तेथेच वस्ती स्थिरावते आणि तेथेच देवालय उभे राहते. मये गावच्या जन्माची तिथी कोणी सांगू शकत नाही. देवीच्या आगमनाची कथा हीच गावाची आद्य नोंद होय.

तथापि श्रद्धेने आपला मानलेला गाव कायद्याने आपला ठरतोच असे नाही. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली आले. त्या राजवटीत मयेची जमीन 'कोंद' ही पदवी धारण करणाऱ्या एका घराण्याच्या मालकीची झाली. पिढ्यानपिढ्या राबणारा शेतकरी आपल्याच घरात कूळ म्हणून राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला; पण मयेची जमीन मात्र मोकळी झाली नाही. मालक परदेशी असल्याने ती 'स्थलांतरित मालमत्ता' गणली गेली आणि १९६४ च्या कायद्यान्वये सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात राहिली. घराची दुरुस्ती, कर्ज, वाटणी, प्रत्येक बाबतीत हीच अडचण. अखेर २०१४ साली विधानसभेने अशा मालकी हक्कांच्या व देणग्यांच्या समाप्तीचा कायदा केला आणि त्यानंतर ग्रामस्थांना टप्प्याटप्प्याने सनदा मिळू लागल्या.

मुक्तीपासून या कायद्यापर्यंत त्रेपन्न वर्षे लोटली. तेवढ्या काळात कित्येक वृद्ध सनद न पाहताच निवर्तले.

महाजन कुटुंबांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. १८८६ व १९३३ च्या नियमावल्यांमुळे देवस्थानांच्या कारभारास लेखी बैठक मिळाली. महाजनांच्या नामावल्या राहिल्या. मोपाच्या सड्यावर २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. भूमीचे रूप किती त्वरेने पालटते, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून वडिलांच्या मुखातील कथा आणि देवस्थानचे दप्तर, दोन्ही सारख्याच निष्ठेने जतन करावीत. कथा गावाला मूळ देते, दप्तर त्याला पाय रोवून उभे राहू देते.