शेवटच्या रात्रीचं पोलीस ठाणं

आमच्या भागातली एक जुनी पोलीस चौकी गेल्या महिन्यात बंद झाली. इमारत गळकी, माणसं कमी, म्हणून सगळा कारभार हायवेलगतच्या नव्या इमारतीत नेला. मी बातमीसाठी गेलो तेव्हा टेम्पोत कपाटं चढत होती. बाहेरचा बोर्ड काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. आत एक हवालदार एकटेच खुर्चीवर बसलेले. फोन कालच काढून नेला, म्हणाले. आजची रात्र त्यांची तिथली शेवटची ड्यूटी.

मी सहज विचारलं, "काका, रात्री कुणी मदतीसाठी पळत आलं तर?"

ते म्हणाले, "येऊ दे की. आत घ्यायचं. दुसरं काय करणार?"

बातमी चार ओळींची झाली. पण घरी येताना डोक्यात एक सिनेमा सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तरच वाचा.

सिनेमाचं नाव 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट 13'. साल 1976. प्रिसिंक्ट म्हणजे आपल्या भाषेत पोलीस ठाण्याची हद्द. पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना होस्टेलवर एका मित्राने कुठूनशी त्याची घासलेली सीडी आणली होती. आम्ही सहा-सात जण एका खोलीत बसलो होतो. सुरुवातीला चेष्टा-मस्करी चालली होती. अर्ध्या तासानंतर कुणी बोलेना.

जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाचं तेव्हा वय 27. आधीचा एकच मोठा सिनेमा नावावर, 'डार्क स्टार', तोही विद्यार्थीदशेत सुरू केलेला. त्याला खरं तर वेस्टर्न करायचा होता, घोडे, धूळ, शेरीफ वगैरे. तेवढे पैसे नव्हते. हातात होते साधारण एक लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात तेव्हाही ही रक्कम किरकोळच. मग त्याने हॉवर्ड हॉक्सच्या 1959 सालच्या 'रिओ ब्राव्हो'चा सांगाडा उचलला. त्यात एक शेरीफ कैद्याला कोठडीत ठेवून बसतो आणि कैद्याची माणसं बाहेर टपून असतात. कार्पेंटरने ही गोष्ट आपल्या काळातल्या लॉस एंजेलिसमधल्या एका गरीब वस्तीत आणून ठेवली. उपकाराची फेड म्हणून की काय, संकलक म्हणून पडद्यावर स्वतःचं नाव न देता त्याने 'जॉन टी. चान्स' असं दिलं. 'रिओ ब्राव्हो'मध्ये जॉन वेनने केलेल्या शेरीफचं हे नाव! लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, सगळं यानेच केलं. संगीत म्हणजे सिंथेसायझरवरची चार-पाच सुरांची एक धून, पुन्हा पुन्हा तीच. शूटिंग जेमतेम 20 दिवसांचं.

गोष्ट अशी. बिशप नावाचा नवीन लेफ्टनंट. कृष्णवर्णीय आहे आणि याच वस्तीत लहानाचा मोठा झालेला. पहिल्याच दिवशी त्याला काम मिळतं ते बंद होणाऱ्या ठाण्यावर एक रात्र नुसतं थांबायचं. सामान गेलंय, लोक गेलेत. ठाण्यात एक सार्जंट आणि ऑफिसात काम करणाऱ्या दोघी एवढेच उरलेत. त्यातच कैद्यांची एक बस येऊन थांबते, कारण एक कैदी आजारी पडलाय. त्या बसमध्ये मृत्युदंडाची शिक्षा झालेला नेपोलियन विल्सनही आहे, जो भेटेल त्याच्याकडे सिगारेट मागणारा.

तिकडे वस्तीत एक टोळी भर दुपारी आईस्क्रीमच्या गाडीपाशी एका लहान मुलीला गोळी घालते. (हा प्रसंग आजही बघवत नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासमोर लावू नका.) सेन्सॉरवाल्यांनी हा प्रसंग काढा म्हटलं, तेव्हा त्यांना दाखवायच्या प्रतीतून तो कापला आणि थिएटरला गेलेल्या प्रतींत तसाच ठेवला. मला हे पटत नाही, पण तेव्हा घडलं ते असं.

मुलीचा बाप मारेकऱ्याचा पाठलाग करतो, त्याला मारतो आणि जीव वाचवायला पळत सुटतो. समोर दिसतं ते हे रिकामं ठाणं. तो आत येऊन कोसळतो आणि धक्क्याने त्याची वाचाच जाते. रात्र पडते. वीज जाते, फोन मेलेला. मग खिडक्यांच्या काचा फुटायला लागतात, पण गोळ्यांचा आवाज नाही, कारण सगळ्या बंदुकांना सायलेन्सर.

इथे स्वस्त सिनेमाची खरी करामत दिसते. पैसे नाहीत म्हणून इमारत एकच, नटमंडळी अनोळखी, बाहेर नुसता अंधार. पण या अडचणीच गोष्टीच्या कामी आल्या. हल्ल्यानंतर टोळीची माणसं रस्त्यावरची प्रेतं ओढून नेतात, सगळं आवरून ठेवतात. बाहेरून गस्तीची गाडी गेली तर तिला दिसावा शांत रस्ता आणि एक बंद ठाणं! मला बंदुकांपेक्षा हे दृश्य जास्त भीतीदायक वाटतं. शहर तिथेच आहे, पोलीस शहरात आहेत, पण कागदोपत्री ते ठाणं आता नाहीच, त्यामुळे तिथे काही घडूही शकत नाही. बदल्या, विलीनीकरण, स्थलांतर यांच्या बातम्या 20 वर्षं दिल्यावर हे दृश्य नीट कळलं.

आणि मग मधेच, फार गाजावाजा न करता, तो प्रश्न येतो. ठाण्यातली एक बाई म्हणते, या माणसाला देऊन टाका ना बाहेर. त्यांना तोच हवाय. आपण का मरायचं? बिशपला तो माणूस कोण, त्याने काय केलं, टोळी त्याच्या मागे का लागली, काहीच ठाऊक नाही. माणूस सांगूही शकत नाही. तरी बिशप देत नाही. पोलीस ठाण्यात आसऱ्याला आलेला माणूस, एवढंच कारण त्याला पुरतं. कोठडीतल्या कैद्यांना सोडून तो त्यांच्या हातात बंदुका देतो, पण त्या मुक्या माणसाला बाहेर देत नाही. माझ्या मते सिनेमा इथे आहे, बाकी सगळं काचा फुटणं.

हे लिहिताना राईनपाडा आठवल्याशिवाय राहत नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण जमावाच्या हाती सापडले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच ठेचून मारलं. सरकारी खोली होती, दार होतं. दारात आडवा उभा राहून जमावाला परत फिरवू शकेल असं कुणी नव्हतं. त्या दिवसांचे व्हिडिओ आमच्याही ग्रुपवर आले होते. मी डिलीट केले, पण त्याआधी बघितले होते.

म्हणूनच या सिनेमात एक गोष्ट मला खटकते, ती लिहायलाच हवी. त्यातल्या हल्लेखोरांना चेहरे नाहीत. ते बोलत नाहीत, घाबरत नाहीत, सावल्यांसारखे खिडकीतून आत येतात. यात 1968 च्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'ची छाया उघड दिसते. त्यातही मोजकी माणसं एका घरात अडकलेली आणि बाहेर चालती प्रेतं. पण प्रेतं म्हणजे प्रेतं, इथे वस्तीतली पोरं आहेत. सिनेमाच्या सुरुवातीलाच पोलीस दबा धरून टोळीतल्या सहा जणांना गोळ्या घालतात. त्यावर पुढे कुणी चकार शब्द काढत नाही. टोळीत सगळ्या वर्णांची मुलं दाखवून कार्पेंटरने वंशाचा मुद्दा शिताफीने बाजूला सारला. थरारासाठी हे सोयीचं आहे. पण खऱ्या जमावाला चेहरे असतात. त्यात आपल्या ओळखीचा किराणावाला असतो, वर्गमित्र असतो.

अमेरिकेत सिनेमा आला तसा गेला. नशीब उघडलं ते 1977 च्या लंडन फिल्म फेस्टिव्हलमध्ये. तिथल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला. इंग्लंडमध्ये तो लावणाऱ्या वितरकाचं नाव होतं मायकल मायर्स. पुढच्याच वर्षी 'हॅलोवीन' करताना कार्पेंटरने आभार म्हणून हे नाव आपल्या मुखवटेवाल्या खुन्याला देऊन टाकलं. आता हे आभार कसले, ते त्या वितरकालाच ठाऊक!

2005 मध्ये हा सिनेमा पुन्हा केला, भरपूर पैसे घालून, नामवंत नट घेऊन, डेट्रॉईटमध्ये. त्यात बाहेरून हल्ला करणारे भ्रष्ट पोलीसच आहेत. कल्पना वाईट नाही. पण तिथे आतला माणूस कोण आणि बाहेरच्यांना तो का हवाय हे सगळं समजावून सांगितलंय. त्यामुळे त्याला न देण्याचा निर्णय सोपा होऊन जातो. जुन्यात तो सोपा नाही.

एक शेवटची माहिती. ठाण्याचा आतला भाग बराचसा स्टुडिओत उभा केला होता, पण बाहेरून दिसतं ते लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातलं खरंखुरं जुनं पोलीस ठाणं. पोलीस तिथून गेल्यावर ती इमारत पाडली नाही. 1977 पासून तिथे सार्वजनिक भित्तिचित्रं करणाऱ्या कलाकारांची एक संस्था काम करते.

आमच्या चौकीला सध्या कुलूप आहे. काल त्या रस्त्याने आलो तेव्हा बोर्ड अजून भिंतीला टेकवलेलाच होता. हवालदार काकांना फोन केला, ती शेवटची रात्र कशी गेली म्हणून. म्हणाले, साडेअकराला एक म्हातारी आली होती, नातू घरी आला नाही म्हणून. तिला बसवलं, चहा दिला, स्वतःच्या मोबाईलवरून चार ठिकाणी फोन लावले. पोरगा दोन वाजता सापडला, मित्राकडे झोपला होता.