टर्बोचा इतिहास आणि क्लचची निवड

खांबजवळची सुकेळी खिंड चढताना मोटारीचा प्रचलित इतिहास आम्हांस अपुरा वाटतो. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखीने टर्बोचे पेटंट घेतले, १९६२ साली अमेरिकेत टर्बो मोटारी विक्रीस आल्या, हे सर्वत्र नोंदलेले आहे. ते वाढीव बळ गिअरपेटीकडे सोपवणारा क्लच मात्र उपेक्षितच राहिला. टर्बोचा दाब वाढवला की टॉर्क वाढतो आणि मूळ क्लच घसरून जळतो. प्रेशर प्लेट अधिक कडक घेतली तर पेडल जड होते; सिरॅमिक प्लेट उष्णता सोसते, पण झटक्याने पकडते. शर्यतीतला हा गुण महामार्गाच्या रांगेत दोष ठरतो. म्हणून रोजच्या गाडीस वाढीव टॉर्कपेक्षा किंचित अधिक क्षमतेची ऑर्गॅनिक प्लेटच आम्हांस श्रेयस्कर वाटते. चढावर अर्ध्या पेडलवर गाडी पेलणाऱ्यास हे ठाऊक असते. इतिहासकारांनीही ते नोंदवावे.