कँटनमधले मुंबईकर

मंडळी, विचुंब्यासारख्या गावातला माणूस नोकरीसाठी मुंबईत गेला, की आधी गाववाल्यांची खोली शोधी. चार ओळखीची तोंडं दिसली, की परका मुलूख निभावून जाई. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन शहरात असेच राहत.

१८४२ च्या तहापूर्वी मुंबईच्या जहाजांना चीनमध्ये व्यापारासाठी एवढंच बंदर खुलं होतं. अटी मात्र कडक! नदीकाठच्या वखारीत राहायचं, तटाच्या आत पाऊल टाकायचं नाही, बायका आणायच्या नाहीत. हंगाम संपला, की मकावला मुक्काम हलवायचा. तिथे दखमा नव्हती; म्हणून मेलेल्याला मातीतच पुरावं लागे. मकावला १८२९ सालची त्यांची दफनभूमी आजही आहे.

हे लोक नेत काय? कापूस, आणि माळव्याची अफूसुद्धा! जमशेटजी जिजीभाईंनी याच व्यापारात पैसा मिळवला. त्यांच्या देणगीतून १८४५ साली मुंबईत इस्पितळ उघडलं, तिकडे अफूनं कित्येक चिनी संसार बुडाले. गुरुजी, मुलांना इस्पितळाची गोष्ट सांगाल, तेव्हा ही दुसरी बाजूही सांगा बरं का!