कुळाची निष्ठा आणि राज्याचें ऐक्य

१७०० सालच्या एप्रिल महिन्यांत औरंगजेबाच्या सैन्यानें सातारच्या किल्ल्याला सुरुंग लावले. पहिल्या सुरुंगानें तटाचा भाग आंत कोसळून किल्लेदार प्रयागजी प्रभु ढिगाऱ्याखालीं गाडले गेले, पण सुदैवानें जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगानें तट उलट बाहेर पडला, आणि हल्ल्यासाठीं पायथ्याशीं सज्ज असलेले बादशहाचे सुमारें दोन हजार लोक त्याखालीं चिरडले गेले. त्या धुरळ्यांतूनहि एक वीर थोड्या लोकांनिशीं तटावर चढला, मागच्यांना हांका मारूं लागला, आणि कोणीच पुढें न आल्यामुळें तेथेंच मारला गेला. हा वीर तुर्क नव्हता कीं पठाण नव्हता. तो होता बाजी चव्हाण डफळे, जतच्या देशमुखांच्या घरचा मुलगा.

तट मराठ्यांच्या राजधानीचा, आणि त्यावर बादशहासाठीं मरणारा मराठाच! शाळेंतील इतिहासांत अशा माणसाला फितूर म्हणून मोकळें होण्याची चाल आहे. परंतु जो एकटा पुढें गेला व मागें फिरला नाहीं, त्याच्या ठिकाणीं निष्ठा नव्हती असें कसें म्हणावें? निष्ठा होती, ती कोणावर होती एवढाच प्रश्न. डफळापूरची पाटिलकी आणि जतची देशमुखी या घराण्याला आदिलशाहीच्या अमलांत लाभली. १६८६ सालीं विजापूर पडलें, तेव्हां जो नवा धनी वतन चालवील त्याची चाकरी करणें हाच या घराण्याच्या दृष्टीनें धर्म ठरला. राजे येतात आणि जातात. वतन मात्र वाडवडिलांचें.

या वृत्तीचें जुनें उदाहरण यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत सांपडतें. याकोबाच्या पुत्रांपासून इस्राएलाचे बारा वंश झाले, आणि कनान देशाची जमीन यहोशवानें वंशवार वांटून दिली अशी तेथील कथा आहे. ही जमीन आपल्याकडील वतनासारखीच होती. पुत्र नसलेल्या एका पित्याच्या मुलींना तिचा वांटा मिळाला खरा; पण जमीन दुसऱ्या वंशांत जाऊं नये म्हणून त्यांनीं आपल्याच वंशांत विवाह करावा अशी अट पडली. पुढें सीसरा नांवाचा सेनापति नऊशें लोखंडी रथ घेऊन आला, तेव्हां दबोरा या स्त्रीनें सर्वांना हांक दिली. जबुलून व नफताली हे वंश जिवावर उदार होऊन आले. रऊबेन मेंढवाड्यांत विचार करीत बसला. दान आपल्या गलबतांपाशीं व आशेर समुद्रकांठीं राहिला. जय मिळाल्यावर जें विजयगीत झालें त्यांत आलेल्यांबरोबर न आलेल्यांचींहि नांवें गोंवलीं आहेत. एवढी स्पष्ट हजेरी आपल्या पोवाड्यांत क्वचितच आढळेल.

अशी हजेरी घेण्याची वेळ सातारच्या मुलखांतहि आली होती. १६५९ सालीं अफझलखान वाईस उतरला आणि आदिलशाही फर्मानें देशमुखांच्या दारीं आलीं. कान्होजी जेधे यांनीं शिवाजीमहाराजांपुढें वतनावर पाणी सोडलें; खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. दोघेहि मावळचे, दोघेहि देशमुख. महाराजांनीं हा धडा ओळखून वतनदारांचे कोट व वाडे पाडले आणि लष्कराला रोख वेतन दिलें. राज्याची भाकर खाणारा राज्याचाच राहावा हा त्यांतील हेतु.

संभाजीमहाराजांच्या वधानंतर ही घडी मोडली. राजाराममहाराज जिंजीस अडकलेले, खजिना रिकामा. देण्यासारखें हातीं होतें तें वतन व सरंजाम. १६९१ मध्यें हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या सनदेंत रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेर दिल्ली घेतल्यावर द्यावयाच्या रकमा टप्प्याटप्प्यानें लिहिल्या आहेत. न जिंकलेल्या दिल्लीवर वरात! पण या वरातीनेंच फौजा उभ्या राहिल्या हें विसरतां येत नाहीं. बादशहाला पुरून उरणारी शक्ति कुळाच्या अभिमानांतून आली, आणि त्याच अभिमानानें तिचा सर्वांत तेजस्वी सेनापति खाल्ला. संताजी घोरपड्यांनीं अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायीं दिलें. अमृतराव हे म्हसवडच्या नागोजी माने यांचे मेहुणे. १६९७ मध्यें नागोजींनीं संताजींना गांठून ठार केलें. भावाच्या सुडासाठीं नागोजींच्या पत्नीनेंच त्यांना उठविलें असें सांगतात. ही हत्या शंभुमहादेवाच्या डोंगराळ मुलखांत झाली, अशी परंपरा आहे. भोसल्यांसह कित्येक मराठा कुळें ज्या शिखर शिंगणापूरच्या देवाला आपलें दैवत मानतात, त्याच्याच छायेंत हें घडावें!

इस्राएलाचें राज्य शलमोनानंतर दुभंगलें. रहबामानें करभार हलका करण्यास नकार देतांच दहा वंश निघून गेले. मराठ्यांचें राज्य १७०७ नंतर शाहूमहाराज व ताराबाई यांच्यांत दुभंगलें, आणि मधल्या मुलखांतील सरदारांना दोन धनी मिळाले. बत्तीस शिराळ्याचे उदाजी चव्हाण हे याचें नमुनेदार उदाहरण. कोल्हापूरच्या बाजूनें राहून त्यांनीं शिराळ्याच्या गढींतून एवढा उपद्रव दिला कीं, शाहूंना शिराळा व कऱ्हाडकडील चौथ देऊन त्यांची समजूत काढावी लागली. तरीहि १७३० च्या सुमारास कोल्हापूरचे संभाजी वारणेच्या कांठीं उतरले तेव्हां उदाजी त्यांच्याच गोटांत होते. प्रतिनिधींनीं छापा घालून तो गोट उधळला. ताराबाई कैद झाल्या. १७३१ सालीं तह होऊन वारणा ही दोन गाद्यांची सीमा ठरली.

सातारची गादी १८४८ सालीं इंग्रजांनीं खालसा केली. जतचे डफळे आणि फलटणचे निंबाळकर मात्र आपापल्या संस्थानांवर १९४८ पर्यंत राहिले. विलीनीकरणानंतर फलटण उत्तर सातारा जिल्ह्यांत गेलें आणि जत दक्षिण साताऱ्यांत. त्या दक्षिण साताऱ्याचें नांव १९६० सालीं सांगली झालें.